बांधून नेणारे अप्पा

अप्पांनी मला पहिल्यांदा बांधलं, तेव्हा आमची ओळख होऊन अर्धा तासही झाला नव्हता.

मुरूमच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझी नेमणूक झाली होती. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटून, मग मुंबई राज्यात येऊन थोडीच वर्षं झाली होती. मी साताऱ्याकडची. त्या मुलखात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. एस.टी.नं मला मुरूमच्या फाट्यावर उतरवलं. एक ट्रंक, एक वळकटी आणि मी. समोर लिंबाच्या झाडाखाली एक मोटार उभी होती. मोटार कसली, एखाद्या संस्थानिकाच्या फोटोतून निखळून खाली पडलेली वस्तू. उघडं टप, डोळ्यांसारखे वटारलेले पितळी दिवे, बाहेर लटकणारा रबरी भोंगा. तिच्याशेजारी एक उंच, सडपातळ गृहस्थ. धोतर, पांढरा शर्ट, काळी टोपी, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे.

"दवाखान्याच्या सिस्टरबाई का? आमच्याकडंच खोली धरल्याय डाक्टरांनी तुमच्यासाठी. बसा."

मी मागच्या सीटवर बसले. ते दुसऱ्या बाजूनं आले, हातात घोड्याच्या खोगिराला असतो तसा कातडी पट्टा घेऊन. तो माझ्या मांडीवर टाकून म्हणाले, "बिगी, बाई, बिगी!"

आमच्याकडं बिगीबिगी म्हणजे लवकर लवकर. मी लगबगीनं साडी सावरली, पाय आत घेतले, वळकटी ओढली.

"बिगी!" ते पुन्हा म्हणाले.

"अहो, झाले की बसून!"

"बसून झालात. पर बिगी कुठं झालंय?"

त्यांच्या घरात कानडी बोलत आणि कानडीत बिगी म्हणजे घट्ट, हे मला चार दिवसांनी कळलं. त्या वेळी एवढंच दिसत होतं, की एक अनोळखी माणूस भर माळावर मला मोटारीला बांधतोय. मी ओरडणार, तेवढ्यात ते मागं सरले आणि हात जोडून म्हणाले, "भिऊ नका. म्या माणसं पळवून नेत न्हाय. गाडीतनं पळू देत न्हाय, येवढंच."

अशी मी मुरूमला पोचले. बाजारातून जाताना लोक भाजी निवडायची सोडून बघत होते. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "नवी बाई हाय वाटतं. अजून हसत न्हाय."

अप्पांची धान्याची अडत होती, ती पुतण्यानं सांभाळायला घेतली होती. गाडी आली ती एका जहागीरदाराकडून. पोलीस ॲक्शननंतर ते हैदराबादला गेले ते परत आले नाहीत. जाताना ती अप्पांच्या गोठ्यात लावून गेले आणि वर्षभरानं निरोप पाठवला, की आता तुम्हीच ठेवा. त्या आधी अप्पांनी आयुष्यात फक्त बैल हाकले होते. गाडी चालवायला ते चाळिशीनंतर शिकले आणि म्हणूनच असेल, शेवटपर्यंत तिच्याकडं त्यांनी अवघड परीक्षेकडं बघावं तसं बघितलं.

खेड्यापाड्यांत बाळंतपणाला जायचं झालं की अप्पाच मला गाडीतून नेत. चालवताना ते बोलत नसत. अजिबात. विचारलेला प्रश्न ते डोक्यात ठेवत आणि गाडी थांबली की उत्तर देत. मुरूमला विचारावं, उमरग्यात उत्तर मिळावं. एकदा मी निघताना विचारलं, "अप्पा, आभाळ आलंय, टप चढवायचा का?" उमरग्याला पोचल्यावर त्यांनी हातब्रेक ओढला, टोपी पिळली आणि म्हणाले, "व्हय, चढवायला पायजे होता."

वेग असा, की शाळेला जाणारे सायकलवाले आम्हाला मागं टाकून पुढं जात आणि वळून हात करत. कुणीतरी त्यांना म्हणालंच, "अप्पा, येवढ्या हळू जाणाऱ्या गाडीला पट्टा कशाला वो?"

"म्या हळू जातोय," अप्पा म्हणाले. "समोरचा हळू येतोय का?"

हे पट्ट्याचं खूळ कुठून आलं, याच्या गावात चार गोष्टी होत्या. कुणी म्हणे त्यांचा भाऊ बैलगाडीतून पडून गेला. कुणी म्हणे एका ज्योतिष्यानं सांगितलं. खरं कारण त्यांनी मला ओट्यावर शेंगा फोडता फोडता सांगितलं. पुतण्याच्या सोयरिकीसाठी ते एकदाच हैदराबादहून बंगळूरला विमानानं गेले होते. बसल्याबरोबर एक पोरगी आली, हसली आणि त्यांच्या कमरेला पट्टा अडकवून गेली.

"बगा बाई," अप्पा म्हणाले, "आबाळात म्हैस न्हाय, बैलगाडी न्हाय, बाभळ न्हाय, दारू पिऊन सायकल चालवणारा न्हाय. तिथं पट्टा. अन् आमच्या नळदुर्गच्या उतारावर हे समदं हाय, तिथं माणूस मोकळा. ही कुठली अक्कल?"

"म्हणजे तुमच्या घरात कुणाला अपघात वगैरे..."

त्यांनी शेंग हातातच धरली. जरा रागावले. "न्हाय. कुणी मेल्याबिगर शहाणपण सुचू ने, असा काय कायदा हाय का?"

मी दवाखान्यात नोकरी करत होते. दर आठवड्याला कुणीतरी गेल्यावर आलेलं शहाणपण ऐकत होते.

पण शहाणपण आणि सुतारकाम या वेगळ्या गोष्टी. हे अप्पांना कळलं ते मी आल्यावर महिन्याभरानं, सुगीच्या दिवसांत.

गाडीची देखभाल करायला एक मिस्त्री होते. ऑईल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. दखनी बोलत आणि अप्पांशी रोज भांडत. हे भांडण संपलं तर दोघंही आजारी पडतील असं वाटे. मिस्त्री एक दिवस म्हणाले, "अप्पा, पट्टा बांद्या सो ठीक है. पन टिकता क्या नै, देक्या क्या तुमने?"

झालं. अप्पांनी परीक्षा ठरवली. गावाबाहेर त्यांच्या रानात उतार होता आणि उताराच्या तळाशी कडब्याची मोठी गंजी. मागच्या सीटवर ज्वारीची दोन पोती बसवली. बसवली म्हणजे खरोखर बसवली. पट्टे घातले आणि बक्कल लावलं. स्टिअरिंग दोरीनं बांधलं. अर्धं गाव जमलेलं. आठ गड्यांनी गाडी ढकलली. ती डुलत, भोंगा आपोआप वाजवत खाली गेली आणि गंजीत घुसली.

धूळ बसली. गाडी ठीक होती. पोती गाडीत नव्हती. ती गंजीच्या शेंड्यावर होती, एकमेकांशेजारी, सीटवर बसलेली. अख्खी सीट बुडासकट उपटून पुढं उडाली होती आणि पट्टे जसेच्या तसे, बिगी.

मग मिस्त्री गंजीकडं बघत म्हणाले, "मुबारक अप्पा. पट्टा बिल्कुल नै छुट्या."

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. मला मात्र हसू येईना. महिनाभर मी त्याच सीटवर, त्याच पट्ट्यात बांधून घेऊन बाळंतपणं करत फिरले होते. अप्पाही हसत नव्हते. ते गंजीवर चढले आणि सीटच्या लाकडी चौकटीतले पेचखिळे बोटानं चाचपून बघत राहिले. उतरल्यावर म्हणाले, "पट्टा चुकला न्हाय. पट्टा ज्याला बांधला, ते चुकलं. लाकडाला बांधलं म्या. लाकूडच उडालं तर माणूस त्याच्यासंगं उडणार."

त्यानंतरचे दोन महिने ती गाडी गोठ्यात लाकडी ठोकळ्यांवर होती आणि खाली दोन जोड्या पाय दिसत. अप्पांचे आणि मिस्त्रींचे. मला मोटारीतलं काही कळत नव्हतं, पण संध्याकाळी दवाखान्यातून आलं की कान देऊन ऐकत बसायची सवय लागली. गाडीचा तळ लाकडी फळ्यांचा होता. त्या कुजलेल्या. त्यांना काही बांधण्यात अर्थ नाही. गाडीचा कणा म्हणजे खालच्या दोन लांब लोखंडी तुळया. पट्टा तिथं धरला पाहिजे. अप्पा म्हणत भोक पाडा आणि बोल्ट घाला. मिस्त्री म्हणत, कण्याला भोक पाडलं की कणा तिथंच मोडणार.

"तुमारे हड्डी में छेद करूं क्या? चलता क्या तुमकू?"

शेवटी तुळईला भोक न पाडता भोवतीनं जाड लोखंडी पट्टी आवळली, घोड्याच्या नालासारखी, आणि तिला कडी. जिथं फळीतून पट्टा वर यायचा तिथं भोकाच्या कडा कानस मारून गुळगुळीत केल्या, नाहीतर लोखंडाची धार पट्टा कापणार. कातडंही गेलं. कातडं पावसात ताणतं आणि उन्हात तडकतं. त्याऐवजी बाजेची रुंद नवार, दुहेरी, मोच्याकडून मेणदोऱ्यानं आडवी-उभी शिवून घेतलेली. मागं तीन, पुढं चालवणाऱ्याच्या शेजारी एक. प्रत्येक माणसाला आपला पट्टा. नवरा-बायको असोत नाहीतर जुळे भाऊ, एका पट्ट्यात दोघं बसायचे नाहीत.

पुन्हा परीक्षा झाली. या खेपेला पोती जागेवरच राहिली. एक पोतं फुटलं, पण जागेवर. अप्पांनी सांडलेली ज्वारी गोळा केली आणि गावातल्या मारुतीला वाहिली. स्वतः लिंगायत, पण म्हणाले, "आज त्याचा विषय हाय. उडायचा."

एका गोष्टीवर मात्र त्या दोघांचं कधीच जमलं नाही. मिस्त्री म्हणत, उघडी गाडी उलटली तर? बांधलेला माणूस खाली चेंगरेल, मोकळा उडून वाचेल. अप्पा म्हणत, "उडून कुठं पडंल, ते तुला ठावं हाय का?" मग मिस्त्री पाना उचलून पुन्हा गाडीखाली शिरत. मला वाटतं, दोघांनाही माहीत होतं की याला पुरतं उत्तर नाही. म्हणूनच अप्पा इतके हळू जात.

साहेबांची गोष्ट सांगितली नाही तर मुरूमचं कुणी मला माफ करणार नाही.

जवळच्या एका खेड्यात शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. त्यासाठी जिल्ह्याहून आलेल्या साहेबांची जीप वाटेत बंद पडली आणि मला त्याच खेड्यात एका बाळंतिणीकडं नेणाऱ्या अप्पांच्या गाडीत त्यांना बसावं लागलं. साहेब वजनदार, सगळ्या अर्थांनी. पट्ट्याचं बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण अप्पा बांधल्याशिवाय गाडी हलवत नसत, मग मंत्री असो की मंत्र्याचा बाप. आम्ही पोचलो. लेझीम सुरू झाली, ताशा वाजला, हेडमास्तर हार घेऊन पुढं आले. साहेब उठायला गेले आणि परत बसले.

बक्कल निघेना. तेव्हा बक्कल जुनंच होतं, घोड्याच्या खोगिराचं, खिट्टीचं. खिट्टीत धूळ गेलेली आणि साहेबांच्या पोटानं पट्टा ताणलेला. अप्पांनी ओढलं, हेडमास्तरांनी ओढलं, लेझमीतल्या दोघांनी ओढलं. कुणीतरी विळा आणला.

"पट्टा कापायचा न्हाय," अप्पा म्हणाले.

"अहो, साहेब आहेत!"

"व्हय की. म्हणूनच तर मजबूत शिवलाय."

साहेब घामाघूम. शेवटी हेडमास्तरांनी मार्ग काढला. दाराची लाल फीत सोडून आणली, दोन शिक्षकांनी ती गाडीच्या दारासमोर ताणून धरली आणि साहेबांनी बसल्या बसल्या ती कापली. टाळ्या झाल्या. भाषणही तिथूनच झालं. तोपर्यंतचं त्यांचं सर्वांत आटोपशीर भाषण होतं असं नंतर लोक म्हणत.

सुटका कशी झाली? भाषण संपवून साहेबांनी रागानं अंग खाली सोडलं आणि ते पट्ट्याखालून बुटांकडून घसरत गाडीच्या तळाशी आले. हारासकट. सगळे धावले. अप्पा मात्र जागच्या जागी उभे. चेहरा उतरलेला. परत येताना मी विचारलं, "अप्पा, एवढं काय मनाला लावून घेता?" घरी पोचल्यावर उत्तर आलं.

"बाई, साहेब खालनं निसटले. म्हंजे धडकेत माणूस असाच निसटंल अन् पट्टा पोटात घुसंल. पट्टा पोटावर न्हाय पायजे. खाली पायजे, हाडावर."

उठून मी त्यांना दाखवलं, कमरेची दोन हाडं पुढं कुठं येतात ते. आमच्या शिक्षणात सांगाड्यावर हात ठेवून शिकवलेलं. ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी त्यांना गुप्तधन दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून खिट्टीचं बक्कल गेलं. मिस्त्रींनी विमानातल्यासारखं, पान उचललं की एका हातानं सुटणारं बक्कल घडवलं. अप्पांनी सांगितलेल्या आठवणीवरून. सात वेळा घडवलं, तेव्हा आठव्यांदा जमलं. आणि अप्पा प्रत्येक बसणाऱ्याला विचारू लागले, "हाडावर हाय का?" बायामाणसांना हे विचारायचं काम माझ्याकडं आलं.

आता खरी गोष्ट.

मी येऊन चार वर्षं झाली असतील. शेजारच्या गावची कस्तुरा नावाची मुलगी बाळंतपणासाठी दवाखान्यात आली. पहिलटकरीण. कळा नुकत्याच सुरू झालेल्या. मी पोटावर हात ठेवून चाचपलं. बाळ आडवं होतं. डॉक्टरांनी बघितलं आणि एकच शब्द बोलले, "सोलापूर." सकाळचे नऊ वाजलेले. एस.टी. दुपारची. अप्पांची गाडी.

कस्तुराला मागं मध्ये बसवलं, पाठीला उश्या दिल्या. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिची सासू, पुढं नवरा. अप्पांनी पट्टा उचलला तशी सासूबाई कडाडल्या.

"गरवार बाईच्या पोटावर पट्टा? अवो लेकरू मरंल आतल्या आत! माझी सून हाय का कडब्याची पेंढी?"

अप्पांनी पट्टा खाली ठेवला. मी त्यांना तसं करताना पहिल्यांदाच बघितलं. मग माझ्याकडं वळले. "सांगा, बाई. तुमचं शास्त्र काय म्हणतं?"

शास्त्र काही म्हणत नव्हतं. माझ्या पुस्तकात मोटारच नव्हती, पट्टा कुठला? मी कस्तुराच्या तोंडाकडं बघितलं. ती ओठ चावून कळ सोसत होती. चूक झाली तर माझी होती, दोन जिवांची. मी पट्टा घेतला आणि पोटाच्या खालून, मांड्या जिथं सुरू होतात तिथून, त्या दोन हाडांवरून नेला. पोटावर एक दोराही नाही.

"आत्याबाई, हात घालून बघा," मी सासूला म्हणाले. "पोट मोकळं आहे."

त्यांनी हात घातला. वर, खाली, पुन्हा वर. मग नुसतं "हूं" म्हणाल्या आणि स्वतःचा पट्टा स्वतःच ओढून घेतला.

नळदुर्गच्या अलीकडचा उतार. अप्पा नेहमीसारखे सावकाश. समोरून ट्रक चढत होता. त्याच वेळी डाव्या ओघळीतून म्हशींचा कळप रस्त्यावर आला, एकामागून एक, आपल्याच विचारात. उजवीकडं ट्रक, समोर म्हशी. अप्पांनी ब्रेक दाबला आणि म्हशींच्या मागून, डावीकडं, रस्त्याच्या खाली गाडी घातली. तिथं दगडांचा ढीग होता.

आवाज मोठा झाला. आम्ही चौघं ज्वारीची ताटं वाऱ्यानं वाकावीत तसे पुढं वाकलो आणि परत मागं आलो. कस्तुराच्या नवऱ्याचा पटका उडून म्हशीच्या शिंगात अडकला. मग सगळं शांत झालं. एक म्हैस पटका घेऊन उभी राहून आमच्याकडं बघत होती.

"सून हाय का? माझी सून हाय का?" सासूबाई डोळे मिटूनच ओरडत होत्या.

"हाय, आत्याबाई," कस्तुरा म्हणाली.

मी तिच्या पोटावर बाळाचे ठोके ऐकायची नळी लावली. स्वतःच्या छातीतल्या धडधडीत मला काहीच ऐकू येईना. श्वास धरला. मग आले. टक टक टक टक. बारीक, घाईतले, आपलं आपलं चाललेले.

"आहेत," मी म्हणाले. "अप्पा, ठोके आहेत!"

अप्पांनी उत्तर दिलं नाही. गाडी तर थांबली होती. मी पुढं बघितलं. ते स्टिअरिंगवर ओणवे पडले होते आणि त्यांच्या कमरेला पट्टा नव्हता.

चार वर्षं मी त्या गाडीत बसत होते. शेजारच्याचं हाड शोधून देत होते. चालवणाऱ्याला पट्टाच नाही, हे मला कधी दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नव्हतं.

ट्रकवाला देवासारखा थांबला. त्यानं आणि कस्तुराच्या नवऱ्यानं सगळ्यांना उचलून ट्रकात घेतलं आणि ट्रक सोलापूरकडं वळवला. अप्पा शुद्धीवर होते, श्वास घेताना कण्हत होते. मी वाकून विचारलं, "अप्पा, काही हवंय का?"

"ट्रकात..." ते म्हणाले, "पट्टा हाय का?"

दुपारी सोलापूरच्या इस्पितळात कस्तुराचं पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. रडली ती अशी, की खालच्या मजल्यावर अप्पांना ऐकू गेली म्हणे. अप्पांच्या तीन फासळ्या मोडल्या होत्या. बाकी आम्हा कुणाला कमरेवरच्या वळांपलीकडं काही झालं नव्हतं. सासूबाई तर जो भेटेल त्याला वॉर्डाच्या दारात उभ्या राहून सांगत, "हाडावर बांधायचं बरं का! पोटावर न्हाय! म्या सोता हात घालून बगितलंय."

मी अप्पांना विचारलं, "तुमचा पट्टा का नव्हता?"

"राहूनच गेला. आदी मागचे केले, मग पुढचा. मग नवार संपली. मग वाटलं, आपण तर स्टिअरिंग धरूनच असतोय." आणि जरा थांबून, "मिस्त्रीला सांगा, त्या गाडीतले समदे पट्टे काढून टाका. एकदा ताणलेला पट्टा पुन्हा वापरायचा न्हाय. नवी नवार घ्या."

मी नोकरीवर परत गेले. दोन आठवड्यांनी मिस्त्रींनी गाडी नीट केली आणि अप्पांना आणायला निघाले. अप्पांची बायको, जिला आम्ही सगळे अव्वा म्हणत असू, माझ्या खोलीच्या दारात आली. लहानखुरी, कमी बोलणारी बाई. मला रोज भाकरी तीच द्यायची. म्हणाली, "बाई, माझ्यासंगं चला. तिथल्या डाक्टरची भाषा मला उमगायची न्हाय." ती त्या गाडीत त्या दिवशी पहिल्यांदा बसली. नवऱ्याचा छंद हा नवऱ्याचा छंद, आपण त्यात पाय घालू नये, असं तिचं धोरण होतं.

इस्पितळाच्या दारात अप्पा आले. छातीला पांढरा पट्टा गुंडाळलेला, चेहरा निम्मा झालेला. मागच्या सीटवर अव्वाशेजारी बसले. चालवणाऱ्याच्या जागी बसलेल्या मिस्त्रींच्या कमरेला नवा कोरा पट्टा होता. मिस्त्रींनी सगळ्यांत आधी तोच बसवला होता. अप्पांनी तो बघितला आणि बघितलाच नाही असं केलं.

मी माझा लावला. अव्वानं, मी दाखवलं तसा, लावला. अप्पा नुसतेच बसले.

"अप्पा, पट्टा," मी म्हणाले.

"मला नको. फासळ्या दुखत्यात."

"फासळ्यांवर येत नाही तो. हाडावर."

"ठावं हाय मला! म्याच केलाय की! पर आज राहू द्या. हळूच तर जायचं हाय."

मिस्त्री वळून बघायला लागले. मी बघायला लागले. चार वर्षांत त्या गाडीत कुणी असं बोललं असतं तर अप्पांनी त्याला खाली उतरवलं असतं.

अव्वा समोर बघत होती. आवाज न चढवता म्हणाली, "मग चालत या."

"काय?"

"उतरा. चालत या. मिस्त्री, गाडी सुरू करा."

अप्पा रागानं खरोखर उतरले. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, मी अव्वाकडं, अव्वानं कुणाकडंच नाही. "चला," ती म्हणाली. मिस्त्रींनी गाडी सोडली. मी मागं वळून पाहिलं. इस्पितळाच्या फाटकात अप्पा, छाती धरून, टोपी वाकडी, आजूबाजूच्या फेरीवाल्यांकडं असे बघत होते, जणू आपण मुद्दामच इथं थांबलोय. गाडी चौकापर्यंत गेली. तिथं अव्वा म्हणाली, "थांबा आता."

आम्ही थांबलो. पाच मिनिटं गेली असतील. अप्पा चालत आले, दम खात, आणि आत बसले. अव्वानं वाकून पट्टा ओढला, हाडावर आणला, बक्कल लावलं आणि पदरानं त्यांचा घाम पुसला. गाडी निघाली.

शहर मागं पडलं. अप्पा चुळबुळ करायला लागले. एकदा डावीकडं सरकले, एकदा उजवीकडं. शेवटी म्हणाले, "हितं टोचतंय."

"कुठं?"

"डाव्या बाजूला. पट्टा ताणायच्या कडीचं टोक. कमरेत घुसतंय की हे!"

मिस्त्रींनी पुढं बघत राहणं पसंत केलं.

"बाई, तुम्हाला टोचत न्हाय का?"

"टोचतं ना," मी म्हणाले.

"कवापासनं?"

"पहिल्यापासून, अप्पा. सगळ्यांनाच टोचतं. आम्हाला वाटलं, ते तसंच असतं."

अप्पांचा चेहरा असा झाला, की तसा कडब्याच्या गंजीसमोरही झाला नव्हता. "चार वरसं? चार वरसं समद्या मुलखाला म्या टोचतोय अन् एक माणूस सांगत न्हाय?"

"पूछते कौन थे तुमकू?" मिस्त्री म्हणाले. "तुम तो बोलतेच नै गाडी में."

"थांबव गाडी! आत्ताच्या आत्ता थांबव!"

गाडी रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली थांबली. मिस्त्रींनी पिशवीतून कानस काढली. कडी नीट दिसावी म्हणून ते पट्टा सोडायला वाकले, तसा अप्पांनी बक्कलावर हात ठेवला.

"असाच घास. सोडू नको. सोडला तर टोचतंय कुठं ते कसं कळंल?"

मग मिस्त्री त्यांच्या कमरेशी गुडघ्यांवर बसून कडीचं टोक घासू लागले. अप्पा जीव मुठीत धरून सूचना देत होते, थोडं वर, थोडं आत, अरे माझं हाड घासू नको. आणि अव्वा, जिला मी चार वर्षांत कधी मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं, ती तोंडाला पदर लावून हसत होती. तिला बघून मी. मग मिस्त्री. मग अप्पाही. एका हातानं छाती दाबून, डोळ्यांत पाणी आणून ते म्हणत होते, "हसवू नका रे... दुखतंय... हसवू नका..."